उदारामजींनी घरात लावलेला गाडीचा टेप

काही माणसांवर चिडावं की त्यांच्यासाठी रडावं, हेच कळत नाही. मोहाडीचे आमचे घरमालक उदारामजी त्यातले. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी त्यांची आठवण निघाली की मी आधी चिडते. "झालं, आईचं उदारामपुराण सुरू झालं," असं माझी मुलं म्हणतात. म्हणू देत. मी आपली सांगते.

अहो, माणूस वाईट असता तर काही प्रश्नच नव्हता. दोन शब्द सुनावले असते आणि विसरून गेले असते. पण उदारामजी म्हणजे देवमाणूस, आणि देवासारखेच मुके. म्हणजे बोलायचे खूप. पण जे बोलायला हवं, ज्याच्याशी बोलायला हवं, तेवढं सोडून.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्या ह्यांची मोहाडीच्या तहसील कचेरीत बदली झाली आणि मलाही तिथल्याच मुलींच्या शाळेत जागा मिळाली. आम्ही उदारामजींच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या घेतल्या. मागे ते, त्यांची बायको सीताकाकू आणि मुलगा मोरेश्वर. मुलगी सुमन लग्न होऊन गेलेली. घर विणकराचं. मधल्या लांबट खोलीत समोरासमोर दोन माग होते, एक बापाचा, एक मोरूचा. जमिनीत खड्डा, त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाने पावड्या दाबायच्या, हाताने धोटा फेकायचा. दिवस उजाडला की दोन्ही मागांची खटक-खटक सुरू. पहिले काही दिवस माझं डोकं उठलं. नंतर सवय झाली.

उदारामजी ठेंगणे, काटक, अंगात बंडी, आणि केसांत कायम सुताचे बारीक तंतू. मी त्यांना काकाजी म्हणायची, ते मला मास्तरीणबाई. त्यांची एक खोड आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळली. माझ्या स्टोव्हचा धूर भिंतीवरून त्यांच्या खोलीत जायचा. एकदा मी पोळ्या लाटत होते आणि पलीकडून आवाज आला.

"सयन कर रे बाप्पा, सयन कर. मास्तरीणबाईले का माहीत का धुपटानं पांढरं सूत कारं पडते म्हनून."

मी लाटणं टाकून तशीच उठले. "काकाजी, मला सांगा ना सरळ!"

ते गोड हसले. "तुमाले नाही म्हनलं जी. मागाले म्हनलं."

हे असं. सीताकाकूंनी भाजीत मीठ जास्त टाकलं तर हे मागाला सांगणार. जावयाने बोल लावला तर मागाला सांगणार. मागाने ऐकलं की यांचं काम झालं. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, तोंड कशाला दिलंय देवाने?" तर धोट्यातली कांडी बदलत म्हणाले, "बाई, सुताले कधी ओढू नये. ओढलं का तुटते. ढिल्लं सोडाव, आपोआप येते." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सूत, बायको, पोरं, पाहुणे, सगळ्यांना हाच नियम.

आता ओढायचं नाही म्हणावं, तर माणूस जायला निघाला की यांचा जीव कासावीस. एकदा सुमन दिवाळीला आली होती. जावई बैलांची रेंगी घेऊन न्यायला आले. जेवणं झाली, ओटी भरली, बैल जुंपले, आणि बघतात तर चाकाची खीळ गायब. गल्लीत शोधलं, गोठ्यात शोधलं. उदारामजी सगळ्यांच्या पुढे वाकून वाकून शोधत होते. "कोठी पडली असन बाप्पा? आता सुतार उद्याच भेटन." जावई बिचारे बैल सोडायला लागले. सुमन हुशार. तिने बापाजवळ जाऊन धोतराच्या कनवटीतून खीळ काढली आणि सगळ्यांसमोर रडायलाच लागली.

"बाबूजी, राय म्हना ना तोंडानं! एक डाव राय म्हनलं असतं त मी राहिली नसती का?"

"मी कायले लपवू? अडकली असन," असं म्हणून हे माग झाडायला आत गेले. मला इतका राग आला होता म्हणून सांगू! आणि सुमन काही राहिली नाही, त्याच दिवशी सासरी गेली.

मोरूचंही तसंच झालं. पोरगा हाताचा चपळ. पण विणकर सोसायटीचं सूत वेळेवर येईना, बाजारात मशीनवरची लुगडी स्वस्तात मिळायला लागली, आणि खड्ड्यात पाय घालून जन्म काढायचा का, हा प्रश्न कोणत्याही तरण्या पोराला पडणारच. कोणाकडून तरी गाडी चालवायला शिकला. एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाला, "मी जाऊन राहिलो उद्या तुमसरले. तेंदूपत्त्याचा ठेकेदार हाये, त्याची गाडी चालवाची हाये." बापाचा घास हातातच राहिला. मी पाण्याची घागर ठेवायला तिथे गेले होते म्हणून पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. तर म्हणाले, "डबा घेऊन जा."

बस. भांडण नाही, तंटा नाही. सकाळी मोरू डबा घेऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून एकाच मागाची खटक-खटक. मोरूच्या मागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढवलेला होता तो तसाच ठेवला. रोज उठून त्याच्यावरची धूळ पुसायची आणि मग आपल्या मागावर बसायचं. सीताकाकू मला म्हणायच्या, "पोट्टा एका शब्दावर थांबला असता वो बाई. पन हा मानूस शब्द काढन तवा ना!"

मोरू अधूनमधून यायचा. ठेकेदाराची काळी अँबेसिडर घेऊन, कारण ठेकेदाराची सासुरवाडी भंडाऱ्याला आणि तिथून परत जाताना वाटेत मोहाडी. गाडी दारात उभी राहिली की गल्ली गोळा व्हायची. गाडीत टेप होता. मोरू आत येऊन आईच्या पाया पडायचा, उभ्या उभ्या चहा प्यायचा आणि लगेच गाडीत जाऊन बसायचा. दार उघडं, पाय बाहेर, टेप सुरू. सीताकाकू ताट वाढून बाहेर न्यायच्या. जेवायचाही तिथे आणि डुलकीही तिथेच काढायचा. माझं मत विचाराल तर घरात आलं की त्याला आपला रिकामा माग दिसायचा आणि बापाचा बंद चेहरा दिसायचा. त्यापेक्षा गाडी बरी. पण उदारामजींनी वेगळंच निदान केलं.

"बाई, मले समजलं थो अंदर काहून बसत नाही," एकदा ते अगदी डोळे चमकवून मला म्हणाले. "त्याले गाना पायजे जी. गाना गाडीत हाये, म्हनून पोट्टा गाडीत बसते. गाना घरात आला त पोट्टा घरात येईन."

"काकाजी, तुम्ही त्याला 'आत ये' म्हणून तर बघा आधी!"

"ओढलं का तुटते जी."

मी कपाळावर हात मारला. बरं, गाणंच हवं तर भंडाऱ्याच्या बाजारात घरात वाजवायचे टेप मिळत होतेच. विजेवर चालणारे, छान, मुठीने उचलायचे. आमच्याकडेही एक होता. मी म्हटलं, आमचा घेऊन जा हवं तर मोरू आला की. पण नाही. "थो नाही. त्याले गाडीतलाच आवडते. गाडीतलाच पायजे." सासर आवडलं म्हणून सासरची चूल उचलून आणण्यातला प्रकार.

बसस्टँडजवळ गफूरभाईंचं गॅरेज होतं. तिथे कोणाची तरी ठोकलेली गाडी पडून होती, तिच्यातला टेप आणि दोन स्पीकर गफूरभाईंनी काढून दिले. बदल्यात उदारामजींनी त्यांच्या लेकीच्या लग्नाला एक झकास रेशीमकाठी पातळ विणून दिलं. टेप घरी आणला तो धुतलेल्या फडक्यात बांधून. फडकं सोडलं तर आत एक चपटा लोखंडी डबा आणि मागून लोंबणाऱ्या रंगीबेरंगी तारा. आत कोणाची तरी कव्वालीची कॅसेट तशीच राहिलेली. सीताकाकू म्हणाल्या, "ह्याच्या आतड्या बाह्यर निंघाल्या वो माय!"

आता हा चालवायचा कसा? गाडीत तो गाडीच्या बॅटरीवर चालतो, आणि घरात तर गाडी नाही. आमचे हे वेळेवर ओरडले म्हणून, नाही तर काकाजी तारा थेट विजेच्या बोर्डात खुपसणार होते. मग त्यांनी टॉर्चचे सेल आणले, बांबूच्या नळीत एकामागे एक भरले आणि दोन्ही टोकांना तारा लावल्या. आणि काय सांगू, टेप लागला! आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. कॅसेटमध्ये एक बाई मोठ्या झोकात गात होती. तेवढ्यात सेल थकले. बाईचा आवाज जाड होत गेला, जाड होत गेला, आणि तिचा चांगला मिशीवाला पुरुष झाला. मग तोही घोरून झोपला. सीताकाकू हसून हसून भिंतीला टेकल्या. उदारामजी मात्र मागाकडे वळून म्हणाले, "हास नोको बे. होईन, होईन."

गफूरभाईंनी सांगितलं की बॅटरीच लागेल. राइस मिलच्या ट्रॅक्टरची एक जुनी बॅटरी मिळाली. ती गॅरेजात चार्ज करून घ्यायची आणि सायकलच्या कॅरिअरवर बांधून घरी आणायची. गफूरभाईंनी बजावलं होतं, "देखो काकाजी, लाल तार इधर, काली तार उधर. उलटी लगाई तो राम नाम सत्य." हे लाल-काळं त्यांनी पाठ केलं. मी शाळेतून येत असताना समोरून सायकल हातात धरून यायचे, आणि ओठ हलत असायचे.

पण बॅटरीत तेजाब असतं, ते खड्ड्याखुड्ड्यांतून हिंदकळतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. सीताकाकूंनी धोतर धुतलं तर त्याची चाळणी झाली. तेवढ्याने भागलं असतं तर बरं. बॅटरी ठेवताना काही थेंब त्यांच्या स्वतःच्या मागावरच्या ताण्यावर उडाले. दुसऱ्या दिवशी धागे हात लावताच गळून पडू लागले. अर्ध्यावर आलेलं लुगडं! मी असते तर ती बॅटरी उचलून तलावात फेकली असती. ते खाली मान घालून एकेक धागा शोधून गाठ मारत बसले. कितीतरी दिवस नुसत्या गाठी. मी चहा घेऊन गेले तर वर न बघता म्हणाले, "तुटलं त जोडाव. दुसरं का करतो आपन?" मला तिथे उभं राहवेना.

त्यानंतर मडक्यांचं प्रकरण. नुसत्या स्पीकरमधून आवाज यायचा तो डबीत अडकलेल्या माशीचा. गफूरभाई म्हणाले, स्पीकर मडक्याच्या तोंडावर उपडा बसवा, मडक्याला बुडाशी भोक पाडून तार काढा, मग बघा आवाज. त्या काळी खूप जण असं करायचे. काकाजींनी कुंभाराकडून दोन नवी मडकी आणली आणि सुताराचा गिरमिट घेऊन बसले. सीताकाकू चुलीपुढून धावत आल्या. इतकं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"भोकाचं मडकं घरात? कोनाचं मयत काढून राहिले जी? भोक पाडलेलं मडकं मसनात चालते, घरात नाही! पोट्टा एकटा रस्त्यावर गाडी चालवते अन् तुमी दारात भोकाची मडकी मांडता?"

खरंच होतं त्यांचं. अंत्यविधीला खांद्यावरच्या मडक्याला भोक पाडतात, आमच्याकडे कोणीही बाई फुटकं-भोकाचं मडकं उंबऱ्याच्या आत ठेवणार नाही. काकाजींच्या हातून गिरमिट गळूनच पडलं. ते एवढे घाबरले की दोन दिवस त्या मडक्यांकडे फिरकले नाहीत. मग शेवटी विणकराचीच युक्ती काढली. भोक पाडायचं नाही. तार मडक्याच्या काठावरूनच बाहेर घ्यायची आणि स्पीकरभोवती कापडाच्या पट्ट्या खळीत भिजवून घट्ट गुंडाळायच्या. सुताला लावतात ती तांदळाची खळ. पट्ट्या वाळून कडक झाल्या आणि आवाज असा घुमला की मोरूच्या मागाची फणी थरथरू लागली. सीताकाकूंनी मडक्यांना हळदीकुंकू लावलं आणि बोलणं मिटलं.

मला वाटलं संपलं. कसलं संपतंय! एक दिवस त्याच ठोकलेल्या गाडीची पुढची सीट हातगाडीवरून घरी आली. मोरूच्या मागाशेजारी भिंतीला लावून मांडली. "त्याले पाठ टेकाले पायजे जी," म्हणे. मी त्या सीटवर बसून पाहिलं. समोर मोरूचा माग, डाव्या-उजव्या हाताला एकेक मडकं, फळीवर टेप. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी उठले आणि म्हटलं, "काकाजी, एवढं सगळं केलंत. आता तो आला की तेवढं एक वाक्य बोला. म्हणावं, मोरू, घरी राहा. माग चालवायचा नसेल तर इथे भंडाऱ्याला गाडी चालव, पण घरी राहा. बोलाल ना?"

"बोलतो ना," ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, मागाकडे नाही. म्हणून मला आशा वाटली.

पण मोरू येईचना. दसऱ्याला येतो म्हणाला, आला नाही. दिवाळीला ठेकेदाराने कुठेतरी पाठवलं. आणि बॅटरी काय, न वाजवताही उतरतेच. मोरू यायचा म्हणून भरून आणायची, तो यायचा नाही, ती उतरून जायची, की परत सायकलवर बांधून गॅरेजात. गफूरभाई एकदा मला रस्त्यात म्हणाले, "मास्तरीणबाई, काकाजींना सांगा ना, पोरगा आल्यावर बॅटरी आणा म्हणून." मी काय सांगणार? स्वतःसाठी त्यांनी तो टेप कधीच लावला नाही. बॅटरी संपेल म्हणून.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दुकानं येतात, दंडारीवाले नाचतात, बाहेर गेलेली माणसं घरी येतात. आमच्या मंडईच्या दिवशी दुपारी दारात हॉर्न वाजला. बाहेर पाहिलं तर काळी गाडी नाही, एक हिरवी जुनी जीप. मोरू उतरला. आईच्या पाया पडला आणि तिथेच, उंबऱ्यावरच सांगून टाकलं. ठेकेदाराचं काम सोडलं. रायपूरच्याही पुढे, पार जंगलात रस्त्याचं काम निघालंय, तिथल्या ठेकेदाराने जीप हातात दिली आहे. राहायला खोली देणार आहे. उद्या सकाळी निघायचं. परत कधी? "पाहू वो माय. जमन तवा येईन."

सीताकाकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काकाजींकडे पाहिलं. त्यांना ऐकू आलं होतं, कारण हातातली कांडी खाली ठेवली होती. पण म्हणाले एवढंच, "अंदर ये. पानी पिऊन घे."

मोरू आत आला आणि मधल्या खोलीच्या दारातच थबकला. काकाजींनी बटण दाबलं. कव्वाली अशी उसळली की छपरावरचे पारवे उडाले. मोरू एकदा टेपकडे बघतो, एकदा मडक्यांकडे, एकदा सीटकडे. मग जे हसायला लागला!

"बाबूजी! हे का केलं जी तुमी? ही त गाडीच आनली घरात!"

"बस ना," काकाजी म्हणाले.

आणि मोरू बसला हो. त्या सीटवर पाठ टेकून, पाय पसरून बसला. सीताकाकूंनी लाखोळीच्या डाळीचे वडे तळून दिले, ते आत बसून खाल्ले. काकाजी आपल्या मागावर उतरले आणि विणायला लागले. खटक-खटक आणि कव्वाली. थोड्या वेळाने मोरू उठला, आपल्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडले आणि सहज म्हणून धोटा हातात घेतला. एक फेक, दोन फेक, चार फेक. हात विसरला नव्हता. दोन्ही मागांचा आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते. सीताकाकूंनी माझा दंड इतका आवळला की दुखायला लागला. काकाजी मान खाली घालून विणत होते आणि त्यांच्या नाकावरून पाणी टपटपत होतं. मग मोरू परत सीटवर गेला आणि तिथेच झोपला. घरात. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपत असेल तसा.

त्या संध्याकाळी तो मित्रांबरोबर मंडईत गेला तेव्हा मी काकाजींना गाठलं. "आज सांगता की मी सांगू त्याला?" सीताकाकूंनी मला अडवलं. म्हणाल्या, "तुमी नोको वो बाई. मी सांगून थकली. थो बापाच्या तोंडून आइकाले बसला हाये." काकाजी मोरूच्या मागावर हात फिरवत होते. "सांगतो," म्हणाले. "उद्या सकारी सांगतो." पण हे ते मागाला म्हणाले.

सकाळी मोरू आंघोळ करून चहा पीत बसला होता, त्याच सीटवर. बाप समोर उभा. मी दारात. आता, आता बोलतील. काकाजींनी घसा खाकरला. तेवढ्यात मोरूच म्हणाला, "बाबूजी, एक म्हनू? हा टेप जीपमधी लावून घेऊ का? थो रस्ता मोठा लंबा हाये जी, जंगलच जंगल. मानूसबी दिसत नाही. इथसा तुमाले का काम पडते?"

सीताकाकूंच्या हातातली पळी तशीच राहिली.

"हव," काकाजी म्हणाले. "ने ना. तुह्याच साठी आनला."

खोटं तरी कुठे होतं त्यात? मोरूचा चेहरा फुलला. त्याला काय माहीत! बापाने आपल्या वाटेसाठी टेप घेऊन ठेवला, असंच त्याला वाटलं. काकाजींनी स्वतः वाकून मडक्यांवरच्या पट्ट्या सोडवायला घेतल्या. खळीने दगड झालेल्या पट्ट्या, नखांनी सुटेनात, तेव्हा ओल्या फडक्याने भिजवून भिजवून सोडवल्या. मी ओरडावं की रडावं, मला समजत नव्हतं. स्पीकर सुटले. जीपमध्ये मोरू डोकं खाली घालून तारा जोडत होता आणि काकाजी बाहेरून एकेक तार हातात देत होते. "ही लाल. ही कारी. उलटी लावजो नोको, बाप्पा."

त्यानंतरही आम्ही काही महिने त्या घरात होतो, पण काकाजी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतात ते त्या सकाळचेच.

टेप लागला. मोरू खूश. पलीकडचं दार उघडून म्हणाला, "बसा बाबूजी. आइका कसा वाजते." काकाजी जीपमध्ये चढले. आयुष्यात पहिल्यांदाच लेकाच्या गाडीत बसत होते. गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले. गाणं जोरात. मोरू स्टिअरिंगवर ताल धरत होता. मी आणि सीताकाकू दारात, अगदी हाताच्या अंतरावर.

काकाजी मोरूकडे वळले. त्यांचे ओठ हलले. खरंच हलले, मी पाहिलं. मोरूने लगेच हात पुढे करून गाणं अगदी बारीक केलं.

"का म्हनलं जी, बाबूजी?"

माझ्या मागून सीताकाकू पदराच्या आतून पुटपुटत होत्या, "बोला ना जी. बोला. बोला आता तरी."

काकाजींनी मोरूकडे पाहिलं. मग टेपकडे पाहिलं.

"काही नाही," ते म्हणाले. "चांगला वाजते. वाढव."

मोरूने गाणं वाढवलं. काकाजी खाली उतरले. त्यांनी जीपचं दार लावलं, पण इतकं हळू की ते लागलंच नाही. मोरूने इंजिन सुरू केलं आणि आतून हात दाखवत हसून ओरडला, "असं नाही लागत बाबूजी. जोरानं लावा!"

काकाजींनी दार परत उघडलं, आणि जोराने लावलं.